सहा रिकामे साचे

जाळ जरा कमी करा रे. राकियाची दारू घाईने उतरवली की तिला करपट वास लागतो. बसा असे अलीकडे. आणि तू, सोमवारपासून ओब्रादच्या फाउंड्रीत भट्टीवर लागतोयस म्हणून मघापासून मिरवतोयस, तू माझ्या समोरच बस. तुला घाबरवायचं म्हणून सांगत नाही. काम चांगलं आहे, मालक वेळेवर पगार देतो, भट्टीत तर काही खोटच नाही. फक्त त्या भट्टीवर सगळ्यात आधी जो माणूस होता त्याने काम का सोडलं, ते तुला ठाऊक असलेलं बरं.

तो म्हणजे आमचा वितोमिर. माझ्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा. आमच्या घरात लबाड माणसाला तो मान देत नाहीत, म्हणजे समजून घ्या.

तीन वर्षं झाली. दोन हजार बावीस, नोव्हेंबरची चार तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार होता. कबरीवर न्यायला घरोघर गहू शिजत होते, बायका मेणबत्त्या मोजून ठेवत होत्या. वितोमिरची मात्र रात्रपाळी होती. इंडक्शन भट्टी वीज खाते, आणि वीज रात्री बारानंतर स्वस्त. म्हणून ओब्रादकडे लोखंड नेहमी रात्रीच वितळतं.

त्याआधी वितोमिरने कोकवरच्या जुन्या भट्टीवर, क्युपोलावर, बावीस वर्षं काढली होती. कोक घाला, चुन्याचा दगड घाला, बीड घाला, खालून पंख्याचा वारा सोडा, की तो उंच नळकांड्यासारखा राक्षस सकाळपर्यंत गर्जत राहायचा. आत काय चाललंय ते देवालाही दिसायचं नाही. एकदा पेटवला की मध्येच थांबवायची सोय नाही. टाकलं किती आणि आलं किती याचा हिशेब कधी लागला नाही, कारण त्यातलं बरंचसं जळून मळीत जायचं. आणि तो आवाज! शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू यायचा नाही. वितोमिर घरी आला की त्याची बायको उशीवर जुनं फडकं टाकायची, कारण आंघोळ करूनही त्याच्या कानातून काळं यायचं.

मग ओब्रादने ही नवी आणली. अर्ध्या टनाची. पहिल्या दिवशी वितोमिरने तिची टिंगल केली, ‘ही भट्टी आहे की दवाखान्यातलं यंत्र?’ म्हणाला. ना जाळ, ना धूर. तांब्याचं वेटोळं, त्याच्या पोटातून गार पाणी वाहतं, वेटोळ्यात वीज सोडली की मधलं लोखंड आपलं आपणच तापतं. महिन्याभरात तोच माणूस तिचे गोडवे गायला लागला. तास-दीड तासात रस तयार. किती अंश हवेत ते सांगा, तेवढे देते. रस आतल्या आत आपोआप ढवळला जातो, सळई घेऊन उभं राहायला नको, सगळा माल एकजीव. बटण दाबलं की गप्प. आणि पाचशे किलो टाकलं तर चारशे नव्वद-ब्याण्णव हातात येतंच येतं. ‘ही काही खात नाही,’ वितोमिर सांगायचा. ‘जे घालाल ते परत देते. सुनेपेक्षा प्रामाणिक आहे.’ सून ऐकत असली की मुद्दाम मोठ्याने.

तर त्या शुक्रवारी शहरातून भंगाराचा ट्रक आलाच नाही. सोमवारी सकाळी चाळीस चुलींचे तवे गाडीत चढवायचे होते. साचे भरून तयार होते. ओब्रादने वितोमिरला सांगितलं, छोटा टेम्पो घे आणि वर द्रेनोवा गावातल्या भंगारवाल्याकडून मिळेल ते बीड उचलून आण. पाच वाजता तो निघाला. रस्ता ओळखीचा, मोरावा नदीवर धुकं उतरायला लागलेलं, गाडीत रेडिओ. काही म्हणजे काही वेगळं नव्हतं.

भंगारवाल्याने माल काढून दिला. फुटके रेडिएटर, शिलाई मशीनचे पाय, ब्रेकचे ड्रम. हातोहात चढवला, वजन केलं. मग कोपऱ्यातल्या एका लादीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “तेवढं तू एकटा उचल. त्याचं वजन नको करू. पैसेही नकोत.”

वितोमिरने पाहिलं. बिडाची लांबट लादी होती, पाव भाजायच्या भांड्यात ओतल्यासारखी, गंजाने सोलपटलेली. कुठून आली म्हणून त्याने विचारलं. पुराच्या वर्षी ओढ्यात सापडली, आठ वर्षं पडून आहे, ने बाबा, असं म्हणून तो माणूस घरात गेला. हात धुतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

फाउंड्रीत त्या रात्री दोघंच होते, वितोमिर आणि क्रेन चालवणारी स्तोयांका. साठीला आलेली, तीस वर्षं क्रेनवर काढलेली बाई, तोंडाने फटकळ, हाताने अचूक. भंगार क्रेनच्या काट्यावर चढलं. लादी सोडून सगळं मिळून चारशे एकोणतीस किलो. लादी एकटी एक्काहत्तर. बरोबर पाचशे.

वितोमिरने तारेच्या ब्रशने लादी घासली. गंजाखाली क्रूस निघाला. कुणीतरी साच्याच्या वाळूत बोटाने ओढला असावा तसा. त्याखाली दोन अक्षरं, एक म आणि एक य.

त्याने स्तोयांकाला दाखवलं. तिने छातीवर क्रूस काढला आणि लगेच स्वतःलाच हसली. म्हणाली, कुणाच्या तरी फाटकाचं वजन असेल, तू आता भंगाराशीही बोलायला लागलास का. वितोमिरने लादी बाजूला ठेवली. पण ती नाही घातली तर सहा तवे कमी पडत होते, आणि सहा तवे का कमी पडले ते मालकाला सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. लोखंड ते लोखंड, असं त्याने मनाशी म्हटलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने वीज सोडली. भट्टीची ती बारीक गुणगुण सुरू झाली.

ओलं बीड रसात पडलं तर भट्टी उडते, म्हणून त्याने लादी भट्टीच्या काठावर शेकत ठेवली होती. तासाभराने हातमोजा काढून तिला बोट लावलं. चटका बसला तर लगेच काढून घ्यायचं, अशा बेताने.

गार होती.

ओल नव्हती. कोरडी खडखडीत होती. पण गार. त्याने स्तोयांकाला काही सांगितलं नाही.

पावणेदोनला बाकीचा माल पाण्यासारखा झाला. स्तोयांकाने चिमटा लावून लादी उचलली आणि हळूच रसात सोडली. एक थेंब उडाला नाही. लादी आत गेली आणि मध्यभागी उभी राहिली. उभी. निम्मी वर, निम्मी आत. रस तिच्याभोवती फिरत होता, मध्ये फुगवटा येऊन कडेला उतरत होता, नेहमीसारखा. काट्यावर चौदाशे वीस अंश होते. एवढ्या रसात बीड पाच मिनिटंही टिकत नाही.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. लादी लाल झाली नव्हती. रसाबरोबर सावकाश वळत मात्र होती. क्रूस इकडे आला... भिंतीकडे गेला... पुन्हा इकडे आला.

स्तोयांका म्हणाली, “मला हे आवडत नाही.” नेहमीच्या फटकळ आवाजात नाही. खाली, घशात.

मग लादी गेली. दोघंही तिच्याकडेच बघत होते, तरी कधी गेली ते दोघांनाही सांगता येत नाही.

आणि गुणगुण बदलली.

आता बघा, त्या भट्टीचा आवाज एकसुरी असतो. मधमाश्यांचं पोळं दूर ठेवल्यासारखा. त्या वेळी तो चढला... थांबला... उतरला. पुन्हा चढला. झोपलेल्या माणसाजवळ बसल्यासारखं वाटायला लागलं. वितोमिरने पाण्याचा दाब बघितला, वीज बघितली. सगळे काटे जागच्या जागी. क्युपोलाच्या गर्जनेत असलं काही कधी ऐकूच आलं नसतं, असं त्याच्या मनात आलं. ही भट्टी शांत होती, हेच त्या रात्री वाईट झालं.

जुन्या सरकारी कारखान्यातलं जाणतं माणूस आमच्याकडे एकच उरलं होतं, म्हातारा मिस्त्री स्रेदोये. स्तोयांका म्हणाली, त्यांना फोन लाव, अक्षरं सांग. वितोमिर म्हणाला, रात्रीचे दोन वाजून गेलेत, चौऱ्यांशी वर्षांचा माणूस आहे. त्याने फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

“जागाच आहे,” म्हातारा म्हणाला. “बोल.”

वितोमिरने लादी सांगितली, क्रूस सांगितला. अक्षरं सांगायच्या आतच म्हाताऱ्याने ती स्वतः सांगितली. मिलिसाव्ह योसिच. द्रेनोव्याचा. एक्याऐंशी साल, तिसरी पाळी, वय एकोणतीस. रस न्यायच्या तीन टनी बादलीवरच्या फळीवरून पाय घसरला. स्रेदोये दोन पावलांवर पाठमोरा उभा होता, पण क्युपोलाच्या पंख्यापुढे त्याला काही ऐकू आलं नाही. वळला तेव्हा फळी रिकामी होती. असा रस ओतकामाला वापरत नाहीत, सगळा खड्ड्यात ओतून पुरतात. पण मिलिसाव्हच्या बायकोला मातीत ठेवायला काहीतरी हवं होतं. म्हणून त्याच रसातून स्रेदोयेने स्वतः एक लादी ओतली. कारखान्याच्या डॉक्टरच्या वहीत मिलिसाव्हचं जेवढं वजन लिहिलं होतं, बरोबर तेवढी. तीच पेटीत घालून पुरली. चौदाच्या पुरात द्रेनोव्याच्या दफनभूमीची खालची कड ओढ्यात गेली, तेव्हा त्याच्या बायकोने, रोसांदाने, कबर पुन्हा भरून घेतली. खाली काय उरलंय ते तिला कुणी विचारलं नाही.

“आता कुठे आहे तो?” म्हाताऱ्याने विचारलं.

“भट्टीत, काका. वितळला.”

“ढवळलंस?”

“ही भट्टी आपोआप ढवळते.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग, “म्हणजे तो सगळ्यात आहे.”

वितोमिरने भट्टीकडे पाहिलं.

“साचे कसले भरलेत?”

“चुलीचे तवे. चाळीस.”

“चाळीस घरं,” म्हातारा म्हणाला. “चाळीस घरांत भाकरी भाजणार त्याच्यावर.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “किती वाजले?”

“दोन वीस.”

“तो तीनला दहा कमी असताना गेला.”

एवढं बोलून म्हातारा थांबला. फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. चढणारा... थांबणारा... उतरणारा. वितोमिरने फोन कानापासून दूर धरला. श्वास तसाच ऐकू येत राहिला.

त्याने ओब्रादला उठवलं. ओब्राद वाईट माणूस नाही, पण झोपेतून उठलेला मालक होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, एक्केचाळीस वर्षं झाली, त्या उष्णतेत माणसाचं काय शिल्लक राहतं, आणि राहिलं असेल तर आता या रात्री ते निवडून काढणार आहेस का. तेही खरंच होतं. शेवटी म्हणाला, “ओत आणि घरी जा. नाहीतर सोमवारपासून घरीच बस.”

वितोमिरला दोन मुली शिकवायच्या होत्या. चोपन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण घेणार होतं? त्याने स्तोयांकाला खूण केली. तिने बादली भट्टीच्या तोंडाशी आणली. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असावी. घड्याळात तीनला तेरा कमी होते.

त्याने भट्टी कलवायचा दांडा ओढला.

भट्टी कलली.

रस कलला नाही.

हे वितोमिरने मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा हाताने करून दाखवलं. भट्टी पुढे झुकली, तोंड खाली आलं, आणि आतला रस मागच्या भिंतीला चिकटून राहिला. उभा. माणूस काठावरून मागे सरकतो ना, पाठ भिंतीला लावून... तसा.

स्तोयांकाने क्रेनची बटणं सोडून दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

वितोमिरने दांडा मागे ढकलला. भट्टी सरळ झाली. त्याने वीज तोडली. लाल बटण, तळहाताने, पूर्ण आत.

गुणगुण थांबली नाही.

चढली... थांबली. आणि या वेळी खाली उतरेचना. बोलायच्या आधी माणूस छाती भरून घेतो, तशी थांबून राहिली.

वितोमिर भट्टीच्या तोंडाशी गेला. तोंडावर झळ होती, डोळ्यांत पाणी होतं, ते झळेचं की कशाचं ते त्याला कळलं नाही. त्याने टोपी काढली.

“मिलिसाव्ह,” तो म्हणाला, “तुला मी चुलीत घालणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. खड्ड्यात ओततो. सगळाच्या सगळा.”

तीनला दहा कमी.

रस खाली जायला लागला.

इंडक्शन भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी भीती नाही. रस खाली जातो म्हणजे अस्तर फुटलं. अस्तराच्या पलीकडे तांब्याचं वेटोळं, वेटोळ्यात पाणी. रस पाण्याला भिडला की छप्पर उडतं, माणसं उडतात. अशा वेळी पळायचं असतं. पण गळतीचा लाल दिवा लागला नव्हता. हिरवा तसाच होता. पाण्याचा दाब तसाच. आणि रस उतरत होता. बोटभर... चार बोटं... वीतभर.

दोघांपैकी कुणाचेच पाय हलले नाहीत.

मग उतरायचा थांबला. गुणगुणही थांबली. एकदम. छपरावर कुठेतरी पत्रा गार होत कडकडला, तेवढाच आवाज.

किती वेळ गेला कोण जाणे. स्तोयांका म्हणाली, “गेला.”

वितोमिरने वाकून पाहिलं. रस नुसता रस होता. साधा. त्याने दांडा ओढला तर मुकाट्याने तोंडाशी आला. खड्ड्यात ओतायची आता गरज नाही हे त्याला कसं कळलं, ते त्याला आजही सांगता येत नाही. पण कळलं. त्यांनी साचे भरले. चौतीस तवे पुरते भरले आणि रस संपला. सहा साचे रिकामे राहिले. जमिनीवर एक थेंब सांडला नव्हता.

सोमवारी ओब्रादने भट्टीचं अस्तर फोडून पाहिलं. आधी त्याला वाटलं वितोमिरने माल विकला, मग वाटलं गळती झाली. अस्तर आतून-बाहेरून अखंड निघालं, पांढरं कोरडं, एक तडा नाही. चौतीस तवे ठोकून बघितले, सगळे घंटेसारखे खणखणीत. एक्काहत्तर किलो कुठे गेलं याचं उत्तर त्याला मिळालं नाही. तोवर वितोमिर काम सोडून मोकळाही झाला होता. आता पोस्टाची गाडी चालवतो. पगार निम्मा आहे. तरी बरं चाललंय म्हणतो.

पण ते सोमवारचं. त्या शनिवारी सकाळी पाळी सुटल्यावर तो घरी गेलाच नाही. तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी, द्रेनोव्याच्या दफनभूमीत आला. रोसांदाला काय सांगायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. माणूस जातो, मग तोंडात येतं ते बोलतो.

मी तिथेच होतो, आईच्या कबरीशी. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, सगळ्या दफनभूमीवर दहिवर पांढरं बसलं होतं. माती गोठून इतकी घट्ट की मेणबत्ती रोवायला मी चाकूने भोक पाडलं. रोसांदा दोन ओळी खाली, मिलिसाव्हच्या कबरीशी होती. सदुसष्ट वर्षांची, पाठीत वाकलेली, शेजारी गव्हाचं ताट झाकून ठेवलेलं. मातीत गुडघे टेकून ती मेणबत्ती लावत होती; तेवढ्या एका कबरीवर मात्र दहिवर नव्हतं. पिवळी, बारीक, मधमाश्यांच्या मेणाची, आपण सगळे लावतो तीच.

तिने रोवली. अजून काडी पेटवली नव्हती, तोच मेणबत्ती वाकली. वरून नाही. बुडापासून.

तिने ती उपटली, दुसरी घेतली. तीही तशीच मऊ होऊन हळूहळू आडवी झाली.

तेव्हा तिने मातीवर तळहात ठेवला. ठेवला आणि काढलाच नाही. वितोमिर तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. तिने वळून पाहिलं नाही.

“कुणी आणलं याला?” तिने विचारलं.

वितोमिरने टोपी काढून हातात घेतली.

ताटावरचं फडकं वाऱ्याने जरा उचललं गेलं, तिने ते नीट केलं. मग पिशवीतून तिसरी मेणबत्ती काढली, आधी हातातच पेटवली, आणि दोन्ही हातांनी धरून मातीत रोवली. जोवर धरली होती तोवर सरळ राहिली.

मग तिने हात सोडले.